अंजनीचा पाण्याचा तक्ता

फॅक्टरीतून रिटायर झालो आणि सोसायटीने मला सेक्रेटरी केलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणजे काय, ते महिनाभरात कळलं. आमच्या सोसायटीत चार विंगा आणि पाण्याची टाकी एक. सकाळी पहिला व्हॉल्व्ह ज्यांचा उघडतो त्यांची पिंपं भरतात, शेवटच्या विंगला नळातून नुसती हवा. म्हणून मी दर महिन्याला पेन्सिलने तक्ता करायचो. आज पहिला नंबर ए विंगचा, उद्या बीचा, परवा सीचा, मग डीचा. तरी भांडणं व्हायचीच. अंबरनाथ पूर्वेला माणसं भूक सहन करतील, पण शेजारच्या विंगला आपल्याआधी पाणी मिळालेलं सहन करणार नाहीत.

सी विंगमध्ये माझ्या समोरच्या दारात अंजनी राहते. बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातली, बारावी होऊन लग्न झालेली. नवरा देवदत्त अजून फॅक्टरीत आहे, माझ्याच सेक्शनला होता. तिला सख्खा भाऊ नाही, म्हणून गेली चौदा वर्षं ती भाऊबीजेला मला ओवाळते आणि भाऊ म्हणते. मला बहीण नाही, त्यामुळे व्यवहार सरळ होता.

अंजनीचं अक्षर मोत्यासारखं. त्यावर तिने एक काम धरलं होतं, कॉलेजच्या पोरांची जर्नलं लिहून देण्याचं. उल्हासनगरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांनासुद्धा प्रोग्राम हाताने वहीत उतरवून द्यावे लागतात, ही एक गंमतच आहे. पोरांना ते जिवावर येतं. मग कोणीतरी सीनियरची जुनी वही आणून द्यायचं, आणि अंजनी कांदे-बटाटे बाजूला सारून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती जशीच्या तशी उतरवायची. नाव पोराचं, अक्षर हिचं, सही मॅडमची. दहा-बारा वर्षं हे चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं ना तिला वाटलं, ना मला.

मग एक दिवस तिने उतरवता उतरवता वाचलं.

ए विंगमधली उन्नती तेव्हा कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. ती स्वतःची वही मागायला आली, तर अंजनीने एका पानावर बोट ठेवलं. पाढा छापणारा प्रोग्राम होता.

"उन्नती, हे एकापासून दहापेक्षा लहान असेल तवरच फिरतंय ना? मग नऊ वेळाच फिरेल. खाली उत्तराच्या दहा ओळी कशा लिवल्यात?"

उन्नती हसली. "काकी, सगळ्यांच्या जर्नलमध्ये असंच आहे. सीनियर लोकांपासून चालत आलंय. कोण बघतं?"

पण घरी जाऊन तिने लॅपटॉपवर तो प्रोग्राम चालवला, आणि ओळी नऊच आल्या. दुसऱ्या दिवशी ती धावत आली. "काकी, तुम्ही तर एकदम सही पकडलंत यार!" तिच्याकडचा जुना, बिजागरी तुटलेला लॅपटॉप तिने अंजनीला दिला आणि शिकवायला बसली. खोटं कशाला बोलू, पोरीने मनापासून शिकवलं. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

सहा महिने देवदत्त ड्यूटीला गेला की समोरच्या दारातून कीबोर्डची टकटक ऐकू यायची. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायच्या म्हणजे लूप, ठरलेले फेरे, आणि शिट्टी झाली नाही तर पाणी तपासायचं म्हणजे अट, असं ती मलाही समजावायची. मला कळायचं नाही. पण बेचाळिसाव्या वर्षी नवीन काही कळल्याचा आनंद माणसाच्या तोंडावर कसा दिसतो, ते मी बघत होतो.

एकदा ती माझा पेन्सिलचा तक्ता हातात घेऊन आली.

"भाऊ, परवा शटडाऊन होता. पाणी आलंच नाय. तरी तुम्ही सीचा पहिला नंबर खोडला आणि दुसऱ्या दिवशी डीला दिला. आमचा नंबर गेला कुठे?"

मी म्हटलं, "शटडाऊन काय मी केला?"

"पाणी आलं नाय तर नंबर पुढे सरकायलाच नको."

आठ वर्षं भांडणं ऐकली, पण इतकी साधी गोष्ट ना मला सुचली ना भांडणाऱ्यांना. अंजनीने त्याचाच प्रोग्राम केला. कोणत्या दिवशी पाणी आलं, कोणत्या दिवशी नाही, एवढं सांगायचं. बुडालेला नंबर तो लक्षात ठेवणार आणि आधी भरून देणार. नोटीस बोर्डावर नवा तक्ता लागला आणि पहिल्यांदाच महिनाभर माझ्या दाराची बेल कोणी भांडायला वाजवली नाही.

आता खरी गोष्ट. उन्नतीच्या कॉलेजात प्राची मॅडम आहेत. त्या बाहेरच्या बायकांसाठी एक वर्षाचा मोफत कोर्स घेतात. वीस जागा, बारावी चालते, अट एकच, स्वतः केलेला एक प्रोग्राम दाखवायचा. उन्नती अंजनीला म्हणाली होती, "काकी, तुमचा पाण्याचा प्रोग्रामच दाखवू. मी घेऊन जाते मॅडमकडे." अंजनीने ते मनावर घेतलं. इतकं घेतलं, की फॉर्म सुटायच्या आत दोनदा देवदत्ताकडून फोटो काढून घेतले, पहिल्यात टिकली वाकडी होती म्हणून.

मार्चमध्ये उन्नती माझ्याकडे आली. मी प्लंबरवर ओरडत होतो. "अंकल, कॉलेजला प्रोजेक्टसाठी सोसायटीचं एक लेटर लागतं, फक्त सही." टाईप केलेला कागद होता. मी मांडीवर ठेवून सही ठोकली, शिक्का मारला आणि पुन्हा प्लंबरकडे वळलो. चष्मा शर्टाच्या खिशात होता. काढला नाही.

एप्रिलमध्ये फॉर्म सुटले. उन्नती आज परीक्षा, उद्या इंटरव्ह्यू करत राहिली. शेवटी अंजनी एकटीच फाईल घेऊन रिक्षाने कॉलेजात गेली. तिथे काय झालं ते तिने मला एकदाच सांगितलं, पण शब्द न् शब्द लक्षात आहे.

मॅडमनी तिचा प्रोग्राम दोन मिनिटं वाचला आणि कपाटातून एक काळी जाड वही काढली. उन्नतीचं प्रोजेक्ट. तोच तक्ता, तोच बुडालेला नंबर. पहिल्या पानावर लिहिलेलं, हे काम पूर्णपणे माझं स्वतःचं आहे. त्याच्या मागे सोसायटीचं पत्र, की आमच्या संस्थेसाठी ही प्रणाली कुमारी उन्नती हिने तयार केली. खाली माझी सही.

"ताई, दुसऱ्याचं उतरवून आणलेलं चालत नाही," मॅडम म्हणाल्या.

अंजनी म्हणाली, माझंच आहे, ही बघा माझी कच्ची वही. मॅडमनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे अक्षर मी ओळखते. दरवर्षी दहा पोरांच्या जर्नलमध्ये हेच अक्षर असतं. त्या तुम्ही?"

ज्या अक्षराने तिची बाजू मांडायची, त्याच अक्षराने तिला खोटं पाडलं. मला मॅडमचाही राग येतो. दरवर्षी अक्षर ओळखायच्या आणि तरी सह्या करायच्या! पण तोंड उघडायची सोय कुठे आहे मला.

कॉलेजातून ती घरी न जाता सरळ ए विंगला गेली. गेटपाशी मला तिचा चेहरा दिसला, म्हणून मी पाठोपाठ गेलो. उन्नती दारात आली, आधी गोरीमोरी झाली, मग चिडली.

"काकी, माझं प्रोजेक्ट रेडीच नव्हतं, डेट आली होती. तुम्हाला कुठे जॉब करायचाय? माझं करिअर आहे. और वैसे भी, तुम्हीच इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावावर लिहिताय ना? तेव्हा चाललं, आता माझ्या वेळेलाच प्रॉब्लेम?"

"मी तुझं लिवलं ते तुला इचारून," अंजनी म्हणाली. "तू मला इचारलंस?"

उन्नतीने दार लावून घेतलं. ए विंगचा जिना उतरून आम्ही सी विंगमध्ये आलो. आमच्या मजल्यावर आल्यावर अंजनी थांबली.

"भाऊ, पत्रावर सही तुमचीच ना?"

"हो."

"वाचलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं.

उन्नतीच्या दारात तिचे डोळे कोरडे होते, ते आता भरले. "ती परकी हो. पण तुम्हाला तर ठाऊक होतं ना, कोणी केलंय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात दुसरं पत्र लिहिलं आणि उल्हासनगरला गेलो. मॅडमनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. "काका, दोन्हीवर सही तुमचीच. खरी कोणती धरू? आणि मार्क तर युनिव्हर्सिटीला गेले." वीस जागा त्याच आठवड्यात भरल्या. उन्नतीला नोकरी लागली. पेढे आले. अंजनीने ते परत पाठवले, माझ्या बायकोने घेतले, त्यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला.

अंजनीने जर्नलं लिहिणं बंद केलं. पोरांच्या आया येतात आणि हात हलवत परत जातात. समोरून टकटक मात्र अजून ऐकू येते.

भाऊबीजेला मी नवा सदरा घालून बसलो होतो. ओवाळणीचं पाकीट तयार होतं. संध्याकाळी बेल वाजली. दारात अंजनी होती, पण हातात तबक नव्हतं, पुढच्या महिन्याचा पाण्याचा तक्ता होता. मी सवयीने पेन काढलं.

"आधी वाचा," ती म्हणाली.

"तुझंच आहे ना, बरोबरच असणार."

"मोठ्याने वाचा."

मी चष्मा लावला. दारात उभा राहून तीस दिवस वाचले, ए, बी, सी, डी, तीसही दिवस. सगळ्यात खाली तिच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'तयार करणारी : अंजनी देवदत्त.' तेही वाचायला लावलं. मग मी सही केली. तिने शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.

"येते, सेक्रेटरीसाहेब," ती म्हणाली, आणि समोरचं दार लावून घेतलं.