कानशींचे सोवळे

नत्थूभाऊंच्या मागच्या खोलीत प्रवेश करण्यापूर्वी हात कोरडे करावे लागत. दाराशी खिळ्याला एक जुना पंचा टांगलेला असे. मी स्नानसंध्या आटोपून, धूतवस्त्र नेसून गेलो तरी तो माझ्यापुढे धरून ते म्हणत, "पुसा महाराज. असे ओले हात तुमच्या देवाले चालते, माह्या कानशीले नाई चालत."

भद्रावतीत आमची घरे पाठीला पाठ लावून उभी आहेत. दारूगोळ्याच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर नत्थूभाऊंनी त्या खोलीत आपले कामाचे मेज मांडले. कुणाची किल्ली घासून दे, कुणाच्या कोयत्याची मूठ बसवून दे, असे त्यांचे चाले. परंतु त्यांचा खरा जीव होता तो कानशींवर. लोखंडाला झिजवणारी ती पोलादी हत्यारे; पण त्यांचा थाट मात्र राजकन्यांचा! सागवानी पेटीत प्रत्येकीला स्वतंत्र खाच, प्रत्येकीला जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी. एकीला दुसरीचा स्पर्श होता कामा नये. काम संपले की तारेच्या ब्रशाने दातांतला कीस काढायचा, दातांवर कोरडा खडू फिरवायचा आणि मगच निजवायचे.

"आमचे सोवळे तुमच्यापुढे काहीच नाही," असे मी एकदा म्हणालो.

"तुमचं सोवळं मोडलं तर आंघोळ करता येते जी," ते उत्तरले. "कानशीचे दात गेले का गेले."

पावसाळ्यात आमच्याकडे रानाची ओल भिंतींतून घरात उतरते. अशा दिवसांत ते माझ्याकडे कापूर मागायला येत. कापराच्या वड्या पेटीत ठेवल्या की गंज दूर राहतो, ही त्यांची दृढ श्रद्धा. मी म्हणे, "नत्थूभाऊ, माझ्या देवाच्या वाट्याचा कापूर तुमच्या पेटीत जातो आहे." ते शांतपणे पुडी बांधून घेत. "तुमच्या देवाले गंज लागत नाई न?"

आमचा खरा वाद पेटे तो खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांची पूजा सांगायला मीच जाई. शास्त्राप्रमाणे प्रथम प्रोक्षण हवे. मी दर्भाने पाणी शिंपडायला हात उचलला, की नत्थूभाऊ पेटीवर आडवे होत. "मंत्र म्हणा, फुलं वाहा, अक्षता टाका. पाणी नाई!"

"अवं, बिनपाण्याची पूजा देवाले पोचते का?" त्यांच्या पत्नी सरूबाई कळवळून विचारीत. "दुसऱ्याच्या घरी होते, आपल्याच घरी काऊन नाई?"

"दुसऱ्याच्या घरच्या कानशी पाह्यल्या का तू? गंजून पापड झाल्या."

मग मी कोरडीच पूजा सांगे. भगवंताला भाव पुरतो, अशी सरूबाईंची समजूत घाली. पण त्यांच्या मनाला ते कधी पटले नाही. वर्षभरात घरात काही बिघडले, तापाची साधी कणकण आली तरी त्या कोरड्या पूजेकडे बोट दाखवीत.

गेल्या वर्षी नत्थूभाऊंच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. दसरा उलटताच नागपूरला जायचे होते. खंडेनवमीला मी गेलो तेव्हा सरूबाईंनी काहीही मागितले नाही. हळदकुंकवाचे ताट मांडून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. नत्थूभाऊंनी एकवार त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी स्वतःच एकेक कानस पिशवीतून काढून पाटावर मांडली.

"टाका महाराज पाणी."

मला वाटले, मी चुकीचे ऐकले. मित्राच्या जिवावर घाव नको म्हणून मी दर्भाच्या टोकाने जेमतेम चार थेंब उडवले.

"हे काय?" ते गरजले. "कंजूसपणा काऊन करून राह्यले? माह्या बायकोची पूजा आहे ते. नीट टाका!"

सरूबाई पदर तोंडाशी धरून हसल्या. मग त्यांनी प्रत्येक कानशीला ओले हळदकुंकू लावले. आरती संपली तोच नत्थूभाऊंनी पंचा ओढला. "झालं न देवाचं? आता माह्यं." मी प्रसाद घेऊन निघालो, तेव्हा ते मांडीवर कानस घेऊन पुसत बसले होते.

नागपूरहून ते परत आले नाहीत.

तेराव्याचे विधी उरकल्यावर सरूबाईंनी मला मागच्या खोलीत बोलावले. पेटी उघडी होती. सर्व कानशी स्वच्छ, खडू लावलेल्या, आपापल्या खाचेत. फक्त मोठी चपटी कानस, जी ते कुणाच्या हाती देत नसत, तिची पिशवी वरून दोऱ्याने घट्ट बांधलेली होती. सरूबाईंनी ती सोडून माझ्यापुढे धरली. कानस पुसलेलीच नव्हती. हळदकुंकू दातांत वाळले होते आणि त्याखालून तांबूस गंज उमटला होता.

"घाईत विसरले असतील," मी म्हणालो.

"विसरणारे होते का जी ते?" सरूबाईंनी कुंकवावरून हलकेच बोट फिरवले. "माह्या पूजेले पूर्ण पुसाचं जिवावर आलं असंल त्यांच्या."

मी पंचा पुढे केला. त्यांनी मान हलवली, कानस तशीच पिशवीत सरकवली, आणि दोरा पुन्हा बांधला.