चौथ्या सुरुंगाची धास्ती

केनवडच्या आमच्या विहिरीला काळा पाषाण लागला, तेव्हा सुरुंग उडवायला एक चाचा यायचे. गोऱ्या साहेबाच्या सहीचा सुरुंगाच्या दारूचा परवाना ते टोपीत घडी करून ठेवत. वाती पेटवल्या की दोर धरून वर येत, निंबाखाली विहिरीकडे पाठ करून बसत, जितके सुरुंग तितकी बोटं उभी धरत आणि प्रत्येक आवाजाला एक बोट मिटत. शेवटचं बोट मिटेपर्यंत कुणाशी बोलत नसत.

एका दुपारी चार सुरुंग पेटवले आणि तीनच उडाले. चाचांचं एक बोट तसंच उभं राहिलं.

बराच वेळ गेल्यावर माझा थोरला भाऊ उठला. “वात विजली असंन, चाचा. मी पाह्यतो.”

चाचांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. “बस बापू. मले धास्ती हाय.”

“भेता काहून?” भाऊ हसला.

“भेव समोर दिसते त्याचं असते. हे दिसून नाई राह्यलं, म्हून धास्ती म्हनतो.”

उन्हं कलेपर्यंत त्यांनी आम्हाला हलू दिलं नाही. मग आम्हाला बांधापलीकडे पाठवलं आणि सुरुंगाच्या भोकात ओतायला पाण्याची घागर घेऊन ते एकटेच खाली उतरले. आम्ही कान दाबून उभे होतो. भाऊसुद्धा.

वर आले तेव्हा ते घामानं निथळत होते. “वात मंघाच विजली होती,” ते म्हणाले. “तू खरं बोलला, बापू.”

एवढं बोलून ते काठावरच बसले. दोनदा उठायला गेले, पण त्यांना उठवेना. भावानं त्यांना पाठुंगळी घेतलं आणि बैलगाडीपर्यंत नेलं.