चंद्रावरची पालखी

देवगडच्या धक्क्यावरून आई होडीत बसली तेव्हा तिने किनाऱ्याकडे पाठ केली होती. होडी बोटीच्या दिशेने निघाली. धक्क्यावर उभ्या असलेल्या भाऊबंदांनी हात हलवले, पण तिने मागे पाहिले नाही. वडील त्याच पावसाळ्यात गेले होते. मी एकुलता एक, मुंबईत एका दैनिकात नोकरीला. तिला गावात एकटी ठेवणे मला पटत नव्हते, म्हणून दिवाळी उरकल्यावर मी न्यायला गेलो. ती तक्रार न करता निघाली. बोटीत जागा मिळाल्यावर मात्र तिने एकच गोष्ट सांगितली, "शिमग्यापर्यंत बघतंय. मगे सांगतंय काय तां."

शिमग्यापर्यंत ती रुळेल, असा माझा हिशेब होता.

मुलुंडला आमच्या दोन खोल्या होत्या. मागे डोंगरापर्यंत मोकळे रान, आणि नाहूरच्या बाजूला भाताची शेते. आज तिथे लिफ्टच्या इमारती आहेत. आईने नळाच्या वेळा पाठ केल्या, रेशनच्या रांगेत ओळखी काढल्या, स्टोव्हला पंप मारायला शिकली. शेजारच्या कुलकर्णीकाकूंना तिने कुळथाची पिठी करायला शिकवली. माझी पत्नी सुमन म्हणाली, "आई आता कुठे जात नाहीत, बघा." मलाही तसेच वाटू लागले होते.

माघात आमच्या भागातल्या काही हौशी मंडळींनी शाळेच्या हॉलमध्ये एक जपानी चित्रपट आणला. नटनट्या नाहीत, सगळी हलती चित्रे. गोष्ट तिकडची जुनी लोककथा. अशा गोष्टीची तेव्हा उपनगरात अपूर्वाई होती. संपादकांनी मला बजावले, "सिनेमा कसा आहे ते तू लिहू नकोस. लोक काय म्हणाले ते लिही." रविवारी सकाळी मी सुमनला आणि आईला घेऊन गेलो.

खिडक्यांना जाजमे लावून अंधार केला होता. बोलणे जपानीत. कापसाच्या व्यापारात काही वर्षे कोबेला राहून आलेले दातारकाका पडद्याशेजारी उभे राहून मराठीत सांगत होते. एका म्हाताऱ्याला बांबूच्या पेरात इवलीशी मुलगी सापडते. म्हातारा-म्हातारी तिला पोटच्या पोरीसारखी वाढवतात. मोठी झाल्यावर ती सांगते की आपण चंद्रावरच्या, आणि पौर्णिमेला आपली माणसे न्यायला येणार. म्हातारा दारे बंद करतो, छपरावर तिरंदाज बसवतो.

मग चंद्रावरून मिरवणूक उतरू लागली. ढोल, झांजा, ढगांवरून चालणारी माणसे आणि मधोमध खांद्यावरची पालखी. तेवढ्यात आई उठून उभी राहिली. तिने चपला बाजूला सारल्या आणि हात जोडले. तिच्यामागे बसलेल्या कोकणातल्या दोघी बायकाही उठल्या.

"अहो, बसा ना! दिसत नाही!" मागून कोणीतरी ओरडले.

"आजी, सिनेमा आहे हा, देऊळ नाही!"

हशा पिकला. सुमनने आईचा पदर ओढला. पडद्यावर पालखी अंगणात टेकेपर्यंत आई बसली नाही. लावलेली दारे आपोआप उघडली. मुलीच्या अंगावर पिसांचा झगा घातला गेला. तो घातला की इथले सगळे विसरायला होते, असे दातारकाकांनी सांगितले. ती गेली. म्हातारा-म्हातारी अंगणात उरली.

बाहेर मी मते टिपू लागलो. कुलकर्णीकाकू डोळे पुसत होत्या. "वाढवायचं यांनी आणि न्यायचं त्यांनी! आणि वर तिला विसरायला लावायचं? हा कुठला न्याय हो?" बँकेतले लेले म्हणाले, "चित्रं झकास. पण चंद्रावरची माणसं अगदी माझ्या सासरवाडीसारखी निघाली. आली, उचललं, चालू लागली. चहासुद्धा घेतला नाही." त्यांची बायको म्हणाली, "तुम्ही विचारलात तरी का कधी त्यांना चहा?" बहुतेकांचे मत म्हाताऱ्याच्या बाजूने पडले. माझेही तेच होते, पण ते लिहायचे नव्हते.

घरी जेवताना सुमन गमतीने म्हणाली, "आईंचं मत घ्या ना पेपरासाठी. सगळा हॉल यांच्याकडेच बघत होता."

आईने भात कालवणे थांबवले. "पालखी दारात इली नि तेनी दार लावन घेतल्यान? असां कोण करता?"

"अगं, ते तिला कायमचं न्यायला आले होते," मी म्हणालो. "म्हाताऱ्याला दुसरं कोण होतं? आणि ती तर सगळं विसरली."

"विसारली असां दातार म्हणता. तेका काय म्हायत?"

गावी राहिलेल्यांना सांगायला नको, पण इकडे वाढलेल्या मुलांसाठी लिहितो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. वर्षभर माणूस देवाकडे जातो, शिमग्यात देव माणसाकडे येतो. अंगण सारवलेले लागते, दार उघडे लागते आणि दारात घरचे माणूस लागते. बंद घरासमोरून पालखी पुढे जाते. आमच्या दारावरून ती कधी तशी गेली नव्हती.

हे मला ठाऊक होते. बोटीत तिने शिमगा म्हटले, तेव्हा मी ती नुसती मुदत समजलो होतो.

पानावरून उठता उठता आई म्हणाली, "तुजां हय बरां चल्लांहा, तां मी बघलंय. आता माका जावक होयां."

"एकटी राहशील?"

"एकटी कशाक? वाडी आसा मा."

सुमन माझ्याकडे पाहत होती. आमच्या घरात दार लावून घेणारा म्हातारा कोण, हे मला दिसले. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मजकुरात सगळ्यांची मते दिली आणि शेवटी एका वृद्ध प्रेक्षक बाईंचे मत. संपादक देशावरचे. "यात पालखी कुठून आली?" असे विचारून त्यांनी ते मत काढून टाकले. आठवड्याभरात मी आईला बोटीत बसवून दिले. या वेळी ती माझ्याकडे तोंड करून बसली होती.

त्या शिमग्याला मी रजा काढून गेलो आणि नंतर जातच राहिलो. आई पुष्कळ वर्षे तिथे राहिली. आता ती नाही. घर वर्षभर बंद असते, पालखीच्या आदल्या दिवशी मी जाऊन उघडतो. पत्ता विचारला तर मी मुलुंडचा सांगतो, आणि तो खराच आहे. पालखी अंगणात टेकते. नारळ ठेवला जातो आणि गावचा मानकरी गावकार देवासमोर गाऱ्हाणे घालतो: या घरची जी माणसे पोटासाठी मुंबईला आहेत, त्यांना सांभाळ, आणि पुढच्या वर्षी पुन्हा या दारात उभी कर. सगळे एका आवाजात "होय म्हाराजा" म्हणतात. दारात मी एकटाच असतो. मीही म्हणतो.