छापलेली भरती

आमच्या गावात माझ्याइतकं खडाखडा वाचणारं दुसरं पोर नव्हतं. हे सांगताना मला अभिमान वगैरे वाटत नाही, उलट डोकं फिरतं. वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी आयुष्यात कितीदा म्हटलं असेल त्याला गणती नाही.

वाशीच्या वरच्या अंगाला, खाडीच्या काठावर गाव. तेव्हा पूल नव्हता, आजच्या इमारतींचा मागमूस नव्हता. मिठागरं, खाजण आणि सातवीपर्यंतची एक कौलारू शाळा. सातवीनंतर शिकायचं तर ठाणं गाठायचं, आणि मुलीला ठाण्यात वसतिगृहात ठेवायचं म्हणजे शिष्यवृत्ती मिळायलाच हवी. आईने घरात सरळ सांगून टाकलं होतं, "शिष्यवृत्ती मिलली तर जा शिकाया. नाय मिलली तर माज्यासंगं मासलीची पाटी, आन् पुढल्या सालाला लगीन." आई दुष्ट नव्हती. तिला बारा वर्षांच्या मुलीचं याहून वेगळं काही होतं हेच ठाऊक नव्हतं. मला मात्र मास्तरीण व्हायचं होतं. छडी घेऊन फळ्यासमोर उभी राहिलेली मी मला रोज दिसायची.

त्याच वर्षी गावात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. दिवेलागणीला शाळेच्या ओट्यावर बत्ती लागायची आणि जाळी विणून बोटं राठ झालेले बाप्ये पाटी घेऊन बसायचे. हसू यायचं सगळ्यांना. पेन्सिली तर अशा कडाकडा मोडायच्या की विचारू नका. पण माझा बाबा हसला नाही. तो सगळ्यांत आधी जोडाक्षरांपर्यंत पोचला. वर्ग आमच्या शाळेचेच मास्तर घ्यायचे. ते म्हणायचे, "ह्यांच्याकडे बघा आणि शिका." बाबा लाजून पाटी पुसत बसायचा. घरी आला की मिठाच्या पुडीचा कागद, बिडीच्या बंडलावरचं लेबल, जे हाती लागेल ते वाचायचा, आणि अडला की माझ्यापुढे धरायचा, "हे काय गो?" आमच्यात तेव्हा जी मैत्री होती ती आधी नव्हती आणि नंतर राहिली नाही.

मास्तरांनी वर्गासाठी मुंबईहून एक कॅलेंडर आणलं होतं. त्यात रोजच्या तारखेखाली भरतीची वेळ छापलेली. कोळ्यांना वाचायची गोडी लागावी म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती, आणि ती लागूही पडली. त्याआधी आमच्याकडे भरती बोटावर मोजायचे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती, आणि पाणी आमच्या खाडीत आत शिरायला वेळ लागतो म्हणून वर एक तास धरायचा. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत बाबा ते क्षणात सांगायचा. मास्तर म्हणायचे, "आता अंदाजाचे दिवस गेले. छापलेलं वाचा." आणि बाबा ते डोळे मिटून मान्य करायचा. छापलेलं म्हणजे त्याला देवाघरचं वाटायचं.

शिष्यवृत्तीची परीक्षा ठाण्याला, सकाळी नऊला. गावातून मी एकटीच बसणार होते. मास्तरांना त्या दिवशी दुसऱ्याच केंद्रावर देखरेखीला पाठवलं होतं, कारण आपल्या शाळेचं पोर असेल तिथे मास्तरला ठेवत नसत. आदल्या दिवशी ठाण्याला जाऊन कुणाच्या घरी राहावं, तर आई म्हणाली, परक्या घरी पोर निजायची नाय. मग बाबा म्हणाला, "होडीनं नेतो ना सकालचा. पानी बघू." त्याने कॅलेंडर खाली उतरवलं, तारखेवर बोट ठेवलं आणि एक एक अक्षर लावत वाचलं. सव्वाआठ. मग नेहमीसारखं माझ्यापुढे धरलं. "बरोबर वाचला का बघ."

मी बघितलं. सव्वाआठच होतं. "बरोबर," मी म्हटलं. मला केवढा रुबाब आला होता म्हणून सांगू! पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती मी वाचली नाही. वेळा मुंबई बंदराच्या आहेत, असं त्यात छापलं होतं. ते मला पुढे कितीतरी दिवसांनी दिसलं.

पहाटे निघालो. एकादशी होती, भांगाचं पाणी, म्हणजे आधीच उणं. मी धुवट परकर-पोलका घालून होडीत आखडून बसले होते, मांडीवर कंपासपेटी आणि फडक्यात भाकर. ठाण्याच्या अलीकडे एक गाळाची पट्टी आहे, भरतीला तिच्यावरून होडी आरामात जाते. सात वाजता आम्ही तिच्यावर चढलो आणि रुतलो. बाबा म्हणाला, येईल पानी. पलीकडे ठाण्याची घरं दिसत होती, चुलींचा धूर दिसत होता. आम्ही बसून राहिलो. पाणी काही येईना. आठाचा भोंगा झाला तरी होडीखाली नुसता चिखल आणि त्यात पळणारे खेकडे. बाबा एकदा पाण्याकडे बघायचा, एकदा सूर्याकडे, आणि तोंडाने पुटपुटायचा, "छापलंय तर खरं."

मग तो उठला, धोतर खोचलं आणि मांडीभर गाळात उतरला. "ये, बस खांद्यावर. कपडे मलवू नको." मला खांद्यावर घेऊन तो त्या गाळातून निघाला. पाय उचलला की दुसरा रुतायचा. दोनदा तो गुडघ्यावर आला, पण मला त्याने खाली टेकू दिलं नाही. काठाच्या दगडांना कालवांचे शिंपले चिकटलेले असतात, त्यांच्या कडा सुरीच्या धारेच्या. वर आलो तेव्हा त्याच्या दोन्ही पावलांतून रक्त येत होतं. माझ्या परकरावर एक शिंतोडा नव्हता. शाळेच्या फाटकाशी मला उतरवून तो म्हणाला, "पलत जा. मी धक्क्यावर हाय. पानी चढला का निगू."

मी पळत गेले. पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. दारावरच्या बाईंनी हात आडवा केला. नियम होता म्हणे, अर्ध्या तासानंतर आत सोडायचं नाही, आणि पहिल्या पेपरला नाही तो दुसऱ्याला नाही. मी रडले, पाया पडले. त्या म्हणाल्या, "बाळ, माझ्या हातात नाही गं." खरंच नसेल. मी मागच्या ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तिथेच. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता. फडक्यातली भाकर तशीच राहिली.

पाच वाजता पोरं बाहेर आली, त्यांच्यात मिसळून मी पण बाहेर पडले. बाबा धक्क्यावर बसला होता, पावलांना चिंध्या बांधून. मला बघताच उभा राहिला. सगळं तोंड फुललेलं. "पोचलीस ना येलेवर? कसा गेला?"

काय सांगणार होते मी? त्या चिंध्यांकडे बघून काय सांगायचं असतं? "बरा गेला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना मात्र सगळं सांगितलं. ते मटकन खुर्चीत बसले. माझ्यावर त्यांची फार भिस्त होती. मग म्हणाले, "वडिलांना एवढ्यात काही बोलू नकोस. पुढच्या महिन्यात आपल्या वर्गाचा समारंभ आहे. खात्याच्या साहेबांसमोर वाचायला मी त्यांनाच उभं करणार आहे. हे कळलं तर ते यायचे नाहीत. समारंभ होऊ दे, मग मी स्वतः सांगतो." मास्तर वाईट नव्हते हो. त्यांनी त्या वर्गासाठी रक्त आटवलं होतं. पण त्या क्षणी त्यांना माझ्यापेक्षा समारंभ मोठा वाटला, आणि ते मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.

गाव पूर्ण साक्षर झाल्याचा तो समारंभ. शाळेला पताका, केळीचे खांब, बायका नव्या लुगड्यांत. खुर्चीवर शिक्षण खात्याचे साहेब. त्यांनी खात्याचं वार्तापत्रक सोबत आणलं होतं, कुठे वर्ग सुरू झाले, कुठल्या शाळेला नवी खोली मिळाली, कोण परीक्षेत चमकलं, असल्या बातम्यांचं. मास्तरांनी बाबाला पुढे बोलावलं. साहेब म्हणाले, "पाठ केलेलं नको. हे वाचा," आणि पत्रकातल्या एका बातमीवर बोट ठेवलं. चांगली बातमी बघूनच ठेवलं असणार.

बाबाने पत्रक डोळ्यांजवळ धरलं. "या... विभा... विभागातून... शिष्यवृत्ती परीक्षेस बसलेले... सर्व विद्यार्थी..." पुढच्या शब्दापाशी तो अडखळला. माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं, हे काय गो, असं. मी मान खाली घातली. मग त्याने तो शब्द स्वतःच लावला. "उत्तीर्ण... झाले आहेत."

टाळ्या पडल्या. बाबा मात्र तसाच उभा. मग एकदम ओरडला, "सगली! सगली पास! मंजे माजी पोर पास!" आणि टाळ्या पुन्हा पडल्या, मघापेक्षा जोरात. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. साहेबांनी उठून बाबाची पाठ थोपटली. मी मास्तरांकडे बघत होते. आता बोला ना, आता तरी! मास्तरांनी हार उचलला आणि साहेबांच्या गळ्यात घातला.

मे महिन्याच्या सुट्टीत मास्तरांची बदली झाली. बाबाला त्यांनी काही सांगितलं नाही. गाव सोडताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच.

आणि मी? मीही नाही सांगितलं. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचंच. रोज बाबा कुणा ना कुणाला ती ओळ वाचून दाखवताना दिसायचा. पत्रक त्याने टोपीच्या घडीत ठेवलं होतं. त्याने माझ्यासाठी पत्र्याची पेटी आणली, निळी, वर गुलाबाची फुलं काढलेली. पुढल्या वर्षी ती माझ्या लग्नात सासरी गेली. एकदा मी "बाबा, ते परीक्षेचं..." म्हणून सुरुवात केली तर म्हणाला, "जायाला घाबरतंस कशाला? आय रडंल चार दिस, मी हाय ना." खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं, की छापलंय तर असेलही काहीतरी. कुणी सांगावं, यादीत चुकून नाव आलंही असेल. एवढी मी वेडी झाले होते.

जूनमध्ये ती पेटी होडीत घालून आम्ही ठाण्याला गेलो. या खेपेला बाबाने कॅलेंडर बघितलं की नाही मला माहीत नाही. हायस्कूलच्या कचेरीत एक म्हातारे कारकून होते. त्यांनी यादी वरपासून खाली पाहिली, मग पुन्हा पाहिली. "नाव नाही."

बाबाने हसून टोपी काढली, पत्रक उलगडलं आणि टेबलावर ठेवलं. "छापलंय ना साहेब. वाचा. सगली पास."

कारकुनांनी चष्मा वर केला. माणूस चांगला होता, आवाज चढवला नाही. त्यांनी आणखी एक कागद काढला आणि शोधून म्हणाले, "अहो, इथे बसलेले सगळे पास असं लिहिलंय. तुमची मुलगी त्या दिवशी गैरहजर होती. ती परीक्षेला बसलीच नाही."

बाबाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या पावलांकडे. जखमा भरल्या होत्या, पांढरे वण राहिले होते. त्याने पेटी उचलली, खांद्यावर घेतली आणि तो बाहेर पडला. पत्रक टेबलावरच राहिलं.

होडीत बसल्यावर त्याने विचारलं, "दिसभर कुठं होतीस मंग?"

"मागच्या ओट्यावर."

"ऊन असंल तिथं," तो म्हणाला. "जेवलीस?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं आता तरी मारेल, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. त्याने वल्हं आत घेतलं, उजवा हात पुढे केला आणि अंगठा पेरांवरून फिरवायला लागला, पूर्वी फिरवायचा तसा.

"एकादस होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. वर आपले खाडीचा एक तास. सव्वानऊ." तो हाताकडेच बघत होता. "त्या दिवशी मी मोजलंवतं गो. तू उठायच्या आधी मोजलंवतं. होडी रुतनार, मना ठावं होतं. तुला चालत नेली असती रातीच. पन कागदावर सव्वाआठ होता. मना वाटला, माजीच बोटं चुकली."

त्यानंतर त्याने पाटी हातात धरली नाही, मिठाच्या पुडीचा कागदही त्याने पुन्हा उलगडून पाहिला नाही. कुणी काही वाचायला दिलं तर म्हणायचा, मना येत नाय. कॅलेंडरावरचं सव्वाआठ त्याने माझ्यापुढेच धरलं होतं. बरोबर आहे म्हणून सांगणारी मीच होते.