"बरं हाय"वर न थांबणारी रुखसाना आपा

रुखसाना आपाचा जीव कॅन्सरने घेतला.
तिचा डावा हात मात्र त्याआधीच अधू झाला होता, आणि तो कॅन्सरने केला नव्हता.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

वाशीमच्या बाजारात आपाचं बांगड्यांचं दुकान होतं. माझ्या लग्नाचा चुडा तिनेच भरला. बोलण्यात असं गुंतवायची की बांगडी मनगटात कधी गेली कळायचंही नाही.
"हात ढिला सोड ना पोरी, लढाईले थोडी चालली तू."

मग तिला ब्रेस्ट कॅन्सर झाला. बाहेरगावी ऑपरेशन झालं, डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या. केमो, रेडिएशन, सगळं पार पडलं.

फक्त अशा ऑपरेशननंतर हात सुजू शकतो, म्हणून त्या हाताचे व्यायाम करायचे, त्याला जपायचं, सूज दिसली की लगेच दाखवायला यायचं, एवढं तिला सांगायचं दवाखान्यात राहून गेलं.

हात सुजत गेला. आपाला वाटलं, कामाने सुजला असेल.
एक दिवस हातातल्या काचेच्या बांगड्या फोडून काढाव्या लागल्या.
नवरा जिवंत असताना. बांगड्यांच्या दुकानात बसून.
त्या दिवशी ती खूप रडली, असं चाचांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मला नंतर सांगितलं.

त्याच सुमारास मी एका प्रोजेक्टवर लागले होते. जिल्ह्यातल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांना उपचार कसे मिळतात, ते मोजायचं काम. गाठ लागल्यावर तपासणीला किती उशीर झाला, रिपोर्ट कुणी समजावून सांगितला का, ट्रीटमेंट पूर्ण झाली का, नसेल तर का नाही.

मी गावोगाव फिरायचे आणि एकच उत्तर घेऊन यायचे.
"बरं हाय. सगळं बरं झालं."

आमच्या प्रोजेक्टच्या डॉक्टर मॅडम वैतागल्या. म्हणाल्या, यावरून तर आपल्याकडे सगळं उत्तमच चाललंय. जी स्वतः यातून गेली आहे अशी कुणी सोबत ने, मग कदाचित बोलतील.

मी सरळ दुकानात गेले. आपा एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवत होती. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मंगळवारी येते, दुकान चाचा पाहतील.

ते मंगळवार!
एसटीत खिडकी तिलाच लागायची. मानोऱ्यापर्यंत शेजारच्या बाईची सगळी कहाणी काढून व्हायची. अनसिंगला गेलो की तिच्या बहिणीकडे चहा घेतल्याशिवाय सुटका नाही, आणि चहा म्हणजे आधी पराठा. मी घाई केली की म्हणायची, भुकेल्या पोटी दुसऱ्याचं दुखणं ऐकू येत नाही.

पोहरादेवीजवळच्या एका गावात कमलबाई भेटल्या. केमो अर्ध्यातच सोडलेली. समोर नवरा बसलेला. मी विचारत गेले, त्या "बरं हाय" म्हणत गेल्या.

आपाने नवऱ्याला सांगितलं, भाऊ, आता बायकायचं बोलणं हाय, तुमी जरा अंगणात बसा. तो निमूट उठला.

मग तिने बुरख्याची बाही वर केली आणि सुजलेला हात कमलबाईंच्या मांडीवर ठेवला.
"हे पाह्य. मी पण सगळ्यायले बरं हाय असंच सांगत होती."

कमलबाई त्या हाताकडे बघत राहिल्या.
मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या हातचं घरचे खातात?"

"खातात ना. कमी पडलं त भांडतात."

आणि कमलबाईंचा बांध फुटला.
घरात त्यांचं ताट वेगळं होतं. अंथरूण वेगळं. केमोनंतर एवढ्या उलट्या झाल्या की त्यांना वाटलं, आता हे औषधच आपल्याला मारणार. उलटीवरही औषध असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. म्हणून त्या परत गेल्याच नाहीत.



आपाने नवऱ्याला आत बोलावलं. रागावली नाही. हा रोग सोबत जेवल्यानं लागत नाही, असं समजावलं. मग कमलबाईंच्या तांब्यातलं पाणी मागितलं आणि त्याच्यासमोर प्यायली.

मॅडमनी दवाखान्यात फोन केला. कमलबाईंना आपा स्वतः घेऊन गेली. उलटीचं औषध आधी मागून घेतलं, मगच केमोचं सलाईन लावू दिलं.
कमलबाईंची केमो पूर्ण झाली.

उलटीचं औषध मिळालं का, हाताचे व्यायाम शिकवले का, हेही आम्ही विचारू लागलो. मॅडमनी ती उत्तरं दवाखान्यांपुढे ठेवली. आपाचं ऑपरेशन झालं होतं, तिथे आता घरी सोडण्याआधी व्यायाम करून घेतात.
हे मी आपाला सांगितलं.
"चांगलं झालं," एवढंच म्हणाली.

मग तिचाच कॅन्सर परत आला. हाडांत.

शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात तिच्याजवळ होते. डॉक्टर राउंडला आले, काय म्हणता आपा, म्हणाले. चाचा घाईने म्हणाले, बरी आहे.
आपाने डोळे उघडले.
"बरी नाही. दुखते. लई दुखते."

डॉक्टर थांबले. खुर्ची ओढून बसले. कुठे, कसं, कधीपासून, सगळं विचारलं आणि औषध बदललं. दुपारी तिला शांत झोप लागली. उठल्यावर चहा मागितला, बिस्कीट बुडवून खाल्लं, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली,
"आज मंगळवार ना? मंग तू कायले इथं बसून राह्यली?"

त्याच आठवड्यात ती गेली.

घर बायकांनी भरलं होतं. त्यांत एक बाई कोपऱ्यात बसली होती, डोक्यावर नुकतेच वाढलेले आखूड केस. मोहल्ल्यातल्या कुणीच तिला ओळखेना. शेवटी एकीने विचारलं, तुम्ही कोण?

"त्याईनं मले दवाखान्यात नेलं होतं," कमलबाई म्हणाल्या. "मी वाचली."

आपा, लई आठवण येते गं तुझी.
अल्लाह तुला शांत झोप देवो.
मनापासून सलाम.