हसून वाढा, बाई!

आमच्या कँटीनचे किस्से म्हणजे घुग्घुस गावची धूळ. सकाळी फडकं मारलं, की संध्याकाळी खिडकीत पुन्हा तेवढीच! मी शाळा बाहेरूनच पाहिली, अक्षरं शिकले सिमेंटच्या पोत्यांवरून. पण कारखान्याच्या कँटीनमध्ये जन्म काढला, तेव्हा माणसं नीट वाचली. बाईनं वरण कसं केलं हे विचारणारे थोडे. तोंड कसं केलं हे विचारणारेच जास्त!

*

ठेकेदारानं नवा मॅनेजर आणला. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाला, "माणूस समोर आला की स्माईल!" मग आमच्या कुंदाकडे बोट केलं. "या बाईंकडून शिका. उलटून बोलणं नाही, ओठ मिटून किती गोड हसतात!"

कुंदानं नुसती मान हलवली. बोलणार कशी? गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, आणि साहेबासमोर थुंकायची सोय नव्हती!

*

मग माझी पाळी आली. "आजी, तुमचेही जरा दात दिसू द्या."

मी कवळी काढली, पदरानं पुसली आणि काउंटरवर ठेवली. बोळक्यानंच म्हटलं, "घ्या साहेब. हे दिवसभर हसत राहील. मी तवर पोळ्या लाटतो."

*

काउंटरवरची मंगला बिचारी सांगितल्याप्रमाणे हसली. एका क्रेन ऑपरेटरला वाटलं, हे हसू खास आपल्यासाठीच! ड्युटी सुटली की मोटरसायकल घेऊन हा गेटवर हजर. "चला ना, घरी सोडून देतो."

मंगला घाबरून मॅनेजरकडे गेली. मॅनेजर म्हणाला, "मग तुम्ही उगाच हसता कशाला?"

मॅनेजरचा नाद सोडून मी ऑपरेटरलाच गाठलं, भर गेटवर, सगळ्या शिफ्टसमोर. "काऊन रे भाऊ, वाढताना मी बी हसतो. मले नाई सोडत घरी?" आणि बसले की मागच्या सीटवर!

दुसऱ्या दिवसापासून तो घरून डबा आणू लागला.

*

आता शबाना. एका हातानं भात, वरण, भाजी. दुसऱ्या हातानं ताट पुढे. थेंब सांडणार नाही. पण हसणार नाही म्हणजे नाही! दोन पोरींना एकटी शिकवते.

मॅनेजर म्हणाला, "हिचा चेहरा रडका आहे. हिला मागे भांड्यांवर टाका." भांड्यांवर पगार निम्मा. पोरींची शाळाच सुटली असती. मी आडवी आले. "तिच्या चेहऱ्यात भात वाढते का कोणी?"

शेवटी ठरलं, आठवडाभर दोन काउंटर. एकावर शबाना, दुसऱ्यावर मॅनेजरनं नागपूरहून आणलेली हसरी पोरगी, श्वेता. जिच्यापुढे रांग मोठी, तिचं काउंटर कायम.

पहिल्या दिवशी सगळे श्वेताकडे पळाले! शबाना पळी धरून एकटी उभी.

पण श्वेता प्रत्येकाला "नमस्कार सर, कसे आहात?" म्हणणार, मान कलती करून हसणार, मग भात. रांग काही सरकेना. सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा कितीतरी जण रिकामं ताट घेऊन उभे!

दुसऱ्या दिवशी रांग वळली. मॅनेजर ओरडतोय, "अरे, इकडे या ना, इथे कोणीच नाही!"

एक फिटर म्हणाला, "साहेब, भोंग्याच्या आत जेवाचं हाय. हसणं सुट्टीच्या दिवशी पाहू!"

शनिवारी श्वेतापुढे उरला एकटा मॅनेजर. तिनं त्याला वाढलं, हसून. मग स्वतः एक ताट उचललं, दोन्ही गाल चोळत आली आणि शबानाच्या रांगेत शेवटी उभी राहिली.

"ताई, मले बी वाढा. गाल लय दुखून राह्यले."

शबानानं वर पाहिलंसुद्धा नाही. भाताची एक पळी जास्त घातली.

"बैठ. पहले मुँह को आराम दे."