मी मॅडमना सांगितलं होतं

"हिची आई शाळेत झाडलोट करायची हो. पाचवीत असताना हिनं वर्गासमोर आईला ओळखही दाखवली नव्हती. तिथून इथवर आलीये ही. तुमच्या मुलीला हिनं नाही समजून घ्यायचं तर कुणी?"

आमच्या मुलांच्या समुपदेशन क्लिनिकच्या प्रमुख मॅडम बोलत होत्या. समोर सईचे आईबाबा. मी दाराशी, हातात सईची फाइल. मला मॅडमनीच आत बोलावलं होतं.

सईचे बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "कौतुक आहे. सत्कार करू आपण त्यांचा एकदा. पण त्यात आमची मुलगी कशाला?"

मॅडम हसल्या.

सईच्या बाबांच्या असल्या बोलण्याची मला सवय आहे. पुण्यात वाढले मी. "मूळच्या कुठल्या आपण?" हा प्रश्न कुठे जाऊन थांबतो, ते मला शाळेपासून ठाऊक आहे. एप्रिलमध्ये मी जयंतीची रजा घेतली, रिसेप्शनवरून सईच्या घरी तसं कळवलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी मॅडमना फोन आला, की आमच्या घरचं वातावरण समजणारं कुणीतरी द्या. हे सगळं मला पचवता आलं असतं. मॅडमचं हसणं पचलं नाही.

कारण पाचवीतली ती गोष्ट मी जगात एकाच माणसाला सांगितली होती. मॅडमना. नवऱ्यालाही मी सांगितली नव्हती.

आमच्या कामात नवीन माणसाला वरिष्ठांसमोर बसून स्वतःच्या जखमा उघडाव्या लागतात. आपलं दुखणं मुलांच्या दुखण्यात मिसळू नये म्हणून. मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, "या खोलीतलं या खोलीतच राहतं." हेच वाक्य आम्ही प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगतो. मी विश्वास ठेवला. सांगितलं. आई व्हरांड्यात फरशी पुसत होती. बाईंनी विचारलं, "ही तुझी आई का गं?" मी म्हटलं, "नाही." आईनं ऐकलं. बादली उचलली आणि पुढच्या वर्गाकडे गेली. घरी तिनं विषय काढला नाही, कधीच. हे सांगताना मी हमसून रडले होते. मॅडमनी हात धरला आणि म्हणाल्या, "आता हे ओझं आपल्या दोघींचं."

तेच ओझं त्यांनी माझ्यादेखत परक्यांपुढे उघडं केलं. माझी शिफारस म्हणून.

मॅडमना मी देव मानलं नव्हतं. आमच्या घरात तशी रीत नाही. पण माणूस मानलं होतं.

आता सईचं सांगते. हे तिचं खरं नाव नाही. तेवढं पथ्य मी अजून पाळते. पंधरा वर्षांची, दहावीतली. घरात बोलणं बंद केलं होतं तिनं. तिची लाडकी आत्या पूर्वपरीक्षेच्या काळात वारली आणि घरच्यांनी बारा दिवस तिच्यापासून लपवलं. पेपर बिघडू नयेत म्हणून. एवढंच नाही, आत्याच्या फोनवरून रोज सकाळी तिला मेसेज जायचा, ऑल द बेस्ट. तो सईची आई पाठवायची.

हे सांगायला सईला चार भेटी लागल्या. मग तिनं मला विचारलं होतं, "तुम्ही पण एक दिवस अशाच नाहीशा व्हाल का?"

मी म्हटलं होतं, "जायची वेळ आली तर मी स्वतः सांगेन. खरं कारण सांगेन."

आईबाबा गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून सईला मी बघते. तू फाइल बंद कर. कारण लिही, थेरपिस्टची वैयक्तिक अडचण. तिला सांगू, तुझ्या घरी काहीतरी निघालं. आणि मनाला लावून घेऊ नकोस. मी तुझीच बाजू घेत होते."

म्हणजे आत्याच्या फोनवरून आणखी एक मेसेज. या वेळी माझ्या नावानं.

मी त्यांच्याच टेबलाशी बसले. फाइल उघडली. लिहिलं: पालकांना थेरपिस्टची जात कळल्यावर त्यांनी बदल मागितला. संस्थेनं तो मान्य केला. थेरपिस्टची संमती नाही. खाली सही केली.

"हे रेकॉर्डवर राहील," मॅडम म्हणाल्या.

"हो. राहू दे. आणि सईला मी शेवटचं भेटणार आहे."

वीस मिनिटं मिळाली. मॅडम स्वतः कोपऱ्यात बसल्या. सईला किती सांगावं, यावर मी दोन दिवस डोकं फोडलं होतं. पोरीच्या मनात बापाविषयी विष कालवायचं नव्हतं. पण तिला शब्द दिला होता. म्हटलं, "सई, मी जात नाहीये. मला बदललंय. माझी जात तुझ्या घरी चालली नाही. तुझी यात काहीही चूक नाही."

ती मॅडमकडे वळली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मॅडमनी मांडीवरचे कागद सारखे केले. पंधरा वर्षं त्या मुलांना बोलतं करतायत.

घरी, पुण्याजवळच्या मांजरी गावात, आईपुढे मी पाचवीतलं सगळं बोलून टाकलं. ती मेथी निवडत होती, निवडतच राहिली. माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. पण ती गोष्ट आता कुणी माझ्यावर दया यावी म्हणून वापरू शकणार नाही. म्हणून तर इथे लिहिली.

राजीनामा दिला नाही. मॅडमना तोच हवा होता. एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. क्लिनिकमधल्या सगळ्यांच्या दारांवर पूर्ण नावं आहेत. माझ्या दारावर नुसतं पहिलं. "मुलांना जवळचं वाटतं," असं मॅडम म्हणाल्या होत्या, आणि मला ते प्रेम वाटलं होतं.

काल मी नवी पाटी करून आणली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. स्वतः स्क्रू पिळून बसवली. यापुढे ज्याला बदल हवा असेल त्यानं मागावा. कारण फाइलमध्ये मी लिहीन. दर वेळी. खरं.